रिमोटचा पलंग घेण्याआधी

घरातल्या वडीलधाऱ्या माणसाला रात्री नीट झोप लागेनाशी झाली, की आधी उशा वाढतात. एकीच्या दोन होतात, दोनाच्या तीन. मग पाठीशी लोड येतो. पहाटे बघावे तर माणूस घसरून पलंगाच्या मध्यावर आलेला, मान वाकडी झालेली आणि एक उशी जमिनीवर. अशाच एखाद्या सकाळी भेटायला आलेला नातेवाईक सुचवतो, ‘‘तो रिमोटचा पलंग का नाही घेत? बटण दाबले की पाठ वर, बटण दाबले की पाय वर.’’

सल्ला वाईट नसतो. पण हा पलंग प्रत्येकाला लागतोच असे नाही, आणि ज्यांना लागतो त्यांनाही तो विकतच घ्यावा लागतो असे नाही. तो घ्यावा की नाही, हे ठरवण्याचा एक क्रम आहे. घाई न करता आपण त्या क्रमाने जाऊ. पहिल्या काही पायऱ्यांना जवळपास काहीच खर्च नाही.

हा पलंग नेमके काय करतो

ॲडजस्टेबल बेड म्हणजे ज्याचे भाग वेगवेगळे वर-खाली करता येतात असा पलंग. साध्या पलंगाला एक सलग फळी असते. याची फळी तीन किंवा चार तुकड्यांची असते आणि ते तुकडे बिजागऱ्यांनी जोडलेले असतात. पाठीखालचा तुकडा उचलला की माणूस रेलून बसतो. मांडीखालचा उचलला की गुडघे वाकतात.

ही कल्पना रुग्णालयातून आली. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला, प्रतिजैविके हाताशी नसतानाच्या काळात, जॉर्ज फाउलर नावाचे अमेरिकन शल्यविशारद पोटात पू झालेल्या रुग्णांना सपाट न निजवता अर्धवट बसते ठेवत. त्या बैठकीला त्यांचे नाव पडले. पुढे १९०९ मध्ये विलिस गॅच या दुसऱ्या अमेरिकन शल्यविशारदाने तीन भागांत दुमडणारा पलंग पुढे आणला. आज सर्जिकलच्या दुकानात आपल्याला ‘फाउलर’ आणि ‘सेमी-फाउलर’ हे शब्द ऐकू येतात, त्यांचे मूळ हे. बाजारात साधारणपणे ज्याची पाठ आणि गुडघे दोन्ही उचलतात तो फाउलर, आणि ज्याची फक्त पाठ उचलते तो सेमी-फाउलर.

उचलण्याच्या पद्धती दोन. एकात पायथ्याशी हँडल असते आणि ते दुसऱ्या कोणीतरी फिरवावे लागते. दुसऱ्यात मोटर असते आणि झोपलेला माणूस स्वतः बटण दाबू शकतो. गादीच्या शोरूममध्ये मिळणारा घरगुती पलंग या दुसऱ्या प्रकारातला. तो दिसायला घरातल्या फर्निचरसारखा असतो, म्हणून महागही असतो.

म्हणजे हा पलंग एकच काम करतो : शरीराची बैठक बदलतो आणि ती रात्रभर टिकवून धरतो. दुखणे बैठकीमुळे वाढत असेल तर याचा उपयोग. दुखण्याचे कारण वेगळे असेल तर पलंग कितीही भारी घेतला तरी रात्र तशीच जाणार.

पहिली पायरी : रात्रीची वही

एक जुनी वही घ्या आणि आठवडाभर सकाळी चार ओळी लिहा. रात्री किती वाजता जाग आली, कशाने आली, त्या वेळी शरीर कसे होते, आणि काय केल्यावर बरे वाटले. त्या माणसाला लिहिणे जमत नसेल तर आपण विचारून लिहा.

हे एवढ्यासाठी, की ‘झोप नीट लागत नाही’ या एका वाक्यामागे दहा वेगळी कारणे असतात. कोणाच्या घशाशी आंबट येते. कोणाला आडवे झाले की दम लागतो. कोणी तीनदा लघवीला उठतो. कोणाचे पाय चावतात. कोणी दुपारी तीन तास झोपलेला असतो. यातल्या पहिल्या दोन तक्रारींचा पलंगाशी संबंध आहे, पायांचा असू शकतो. वारंवार लघवी आणि दुपारची झोप यांचा मात्र काही संबंध नाही.

वहीत एक गोष्ट दिसली तर पलंगाचा विचार बाजूला ठेवून आधी डॉक्टर गाठा. सपाट झोपल्यावर दम लागणे हे नवीन सुरू झाले असेल, किंवा कालपर्यंत एक उशी पुरत होती आणि आता तीन लागतात असे झाले असेल, तर ते हृदयाच्या किंवा फुप्फुसाच्या दुखण्याचे लक्षण असू शकते. अशा माणसाला पलंग उंच करून दिला तर त्याला बरे वाटेल, पण मूळ दुखणे लपून राहील.

दुसरी पायरी : तक्रार आणि पलंग यांचे जमते का

आता वहीतली तक्रार एकेक करून तपासू.

छातीत जळजळ आणि करपट ढेकर. जठरातले आम्ल उलटे अन्ननलिकेत चढते, तेव्हा हा त्रास होतो. उभे किंवा बसलेले असताना गुरुत्वाकर्षण ते खाली ठेवते, आडवे झाले की ती मदत जाते. म्हणून उशाची बाजू सहा ते आठ इंच उंच करायला सांगतात. इथे नेहमी होणारी चूक म्हणजे उशांचा ढीग. त्याने फक्त मान आणि खांदे उचलले जातात, माणूस पोटात दुमडतो आणि पोटावर दाब येऊन आम्ल उलट जास्त वर येऊ शकते. कमरेपासूनचा सगळा भाग एका उतारावर हवा. पलंग ते करतो, पण साधी उतरती उशीही तेच करते. शिवाय झोपण्याच्या दोन-तीन तास आधी जेवणे आणि डाव्या कुशीवर झोपणे, हे दोन उपाय फुकटचे आहेत.

घोरणे. उताणे झोपल्यावर जीभ आणि टाळूचा मऊ भाग मागे पडून श्वासाची वाट अरुंद होते. पाठ थोडी उचलली की काहींचे घोरणे कमी होते. पण घोरता घोरता श्वास मध्येच थांबत असेल, माणूस दचकून जागा होत असेल आणि दिवसा बसल्या जागी पेंगत असेल, तर तो स्लीप ॲप्निया, म्हणजे झोपेत श्वास पुन्हा पुन्हा अडण्याचा विकार असू शकतो. त्याला झोपेची तपासणी आणि उपचार लागतात. पलंग त्याची जागा घेऊ शकत नाही.

कंबरदुखी. इथे सरसकट उत्तर नाही. मणक्याची नळी अरुंद झालेल्या माणसाला पुढे वाकल्यावर बरे वाटते. अशांना पाठ थोडी वर आणि गुडघे थोडे वाकलेले, अशा बैठकीत झोप लागते. उलट काहींना पुढे वाकले की दुखते, त्यांना हा पलंग त्रासाचा ठरतो. आणि आपल्याकडचा जुना समज, की कंबर दुखते तर फळीवर किंवा कडक गादीवर झोपावे, तो तर तपासून पाहिला गेला आहे. स्पेनमध्ये ३१३ जणांवर झालेल्या आणि २००३ साली ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात कडक गादीपेक्षा मध्यम कडक गादीवर झोपणाऱ्यांची कंबरदुखी अधिक कमी झाली. म्हणजे पलंग बदलण्याआधी गादी बदलून पाहण्यात अर्थ आहे.

पायांवरची सूज. दिवसभर उभे राहून किंवा शिरा फुगल्यामुळे पाय सुजत असतील तर ते उंच ठेवल्याने आराम पडतो. पण हृदय अशक्त असेल, किंवा पायांना रक्तपुरवठाच कमी होत असेल, तर पाय उंच करणे चांगले नाही. हे डॉक्टरांना विचारूनच ठरवा.

गुडघ्याची शस्त्रक्रिया. ही चूक खूप घरांत होते. गुडघा बदलला की घरचे लोक मायेने गुडघ्याखाली उशी देतात किंवा पलंगाचा मांडीखालचा भाग उचलून ठेवतात. रुग्णाला बरे वाटते, पण गुडघा वाकलेल्या स्थितीत आखडतो आणि पुढे सरळ होताना जड जातो. म्हणून शस्त्रक्रियेनंतर गुडघा सरळ ठेवून झोपायला सांगतात. याच कारणासाठी पलंग आणायचा विचार असेल तर आधी फिजिओथेरपिस्टशी बोला.

अंथरुणाला खिळलेला माणूस. पक्षाघात, मोडलेले खुब्याचे हाड, दीर्घ आजार, अशा वेळी हा पलंग खरोखर कामाला येतो. जेवताना आणि त्यानंतर निदान अर्धा तास माणूस बसता राहिला तर घास किंवा पाणी श्वासनलिकेत जाण्याचा धोका कमी होतो. नळीने अन्न देत असतील तर पाठ ३० ते ४५ अंशांवर ठेवायला सांगतात. याशिवाय सेवा करणाऱ्याची कंबर वाचते. दिवसातून आठ वेळा माणसाला काखेत धरून उठवणे ही गंमत नाही.

एक गोष्ट मात्र हा पलंग करत नाही. तो माणसाला कुशीवर वळवत नाही. शय्याव्रण, म्हणजे एकाच जागी दाब पडून होणारी जखम, टाळायची तर साधारण दर दोन तासांनी कूस बदलावीच लागते. उलट पाठ ३० अंशांच्या वर फार वेळ राहिली तर माणूस हळूहळू खाली सरकतो, माकडहाडापाशी कातडी घासली-ताणली जाते आणि जखम लवकर होते. त्यासाठी एअर बेड, म्हणजे आळीपाळीने हवा भरणारी-सोडणारी पातळ गादी, वेगळी घ्यावी लागते. दोन्हींच्या नावात ‘बेड’ असल्यामुळे लोकांचा इथे फार गोंधळ होतो.

शेवटचा प्रश्न तक्रारीचा नाही, सवयीचा आहे. हा माणूस झोपतो कसा? पलंगाचा सगळा फायदा उताणे झोपणाऱ्याला. कुशीवर झोपणाऱ्याने पाठ बरीच उचलली तर कंबर बाजूला मुडपते, आणि पालथे झोपणाऱ्याला तर दुमडलेल्या पलंगावर झोपताच येत नाही. सत्तर वर्षे कुशीवर झोपलेली आजी केवळ पलंग आला म्हणून उताणी झोपू लागेल, अशी आशा धरू नका.

तिसरी पायरी : पंधरा रात्रींचा प्रयोग

तक्रार आणि पलंग यांचे जमते असे वाटले, तरी अजून दुकानात जायचे नाही. पलंग जी बैठक देणार, तीच बैठक घरच्या साधनांनी पंधरा रात्री देऊन पाहायची.

पलंगाला चार पाय असतील तर उशाकडच्या दोन पायांखाली सहा इंचांचे लाकडी ठोकळे ठेवा. ठोकळ्याला वरून खोलगट खाच करून घ्या, म्हणजे पाय सटकणार नाही. लोक विटा ठेवतात. वीट साधारण तीन इंचांची असते, म्हणून दोन लागतात आणि एकावर एक ठेवलेल्या विटा रात्री हलतात. त्या टाळलेल्या बऱ्या.

पेटीचा पलंग असेल तर तो असा उचलता येत नाही. मग फोमच्या दुकानातून उतरती उशी कापून घ्या. दोन ते अडीच फूट लांब, पलंगाएवढी नाही तरी खांद्यांहून चांगली रुंद, आणि वरच्या टोकाला सात-आठ इंच उंच. फोम टणक हवा. मऊ फोम दोन रात्रींत दबतो आणि मग ‘काही फरक पडला नाही’ असा चुकीचा निष्कर्ष निघतो. माणसाचे बूड उताराच्या पायथ्याशी टेकले पाहिजे. उशीच्या मधोमध बसवले तर तो घसरणारच.

गुडघे वाकवून पाहायचे असतील तर जुनी रजई घट्ट गुंडाळून मांड्यांखाली द्या. वर सांगितलेले गुडघ्याच्या शस्त्रक्रियेचे रुग्ण मात्र वगळून.

या उतरत्या उशीचा कोन १५ अंशांच्या आसपास येतो. हा आकडा लक्षात ठेवा. पलंग विकणारे ६०-७० अंशांपर्यंत पाठ उचलते हे अभिमानाने दाखवतात, पण इतक्या उंचीवर टीव्ही बघता येतो, रात्रभर झोपता येत नाही. झोपेसाठी बहुतेकांना लागतो तो थोडासा चढ.

पहिल्या तीन-चार रात्री अवघड जातील, कारण शरीराला सपाट झोपायची सवय असते. तेवढ्यावरून प्रयोग मोडू नका. वही चालू ठेवा. पंधरा रात्रींनंतर पहिला आठवडा आणि शेवटचा आठवडा शेजारी ठेवून वाचा. तीन शक्यता असतात. फरक पडला नसेल तर पलंगानेही पडण्याची शक्यता कमी. फरक पडला आणि उतरती उशी सोयीची वाटत असेल, तर काम तिथेच झाले. फरक पडला पण माणूस सारखा घसरतो, किंवा रात्रीतून दोन-तीनदा बैठक बदलावी लागते आणि ती त्याला स्वतःला बदलता येत नाही, तर आता पलंगाचा विचार करायला हरकत नाही.

चौथी पायरी : भाड्याने की विकत

गरज किती दिवसांची, हे आधी ठरवा. खुब्याचे हाड मोडून शस्त्रक्रिया झाली असेल तर गरज काही आठवड्यांची किंवा महिन्यांची. जुनाट दुखणे असेल तर वर्षांची.

थोड्या काळासाठी भाड्याचा पलंग सर्वांत सोयीचा. महाराष्ट्रातल्या अनेक शहरांत आणि तालुक्यांच्या गावी सामाजिक संस्था, ज्येष्ठ नागरिक संघ किंवा देवस्थाने रुग्णोपयोगी साहित्य केंद्रे चालवतात. तिथे अनामत रक्कम ठेवून नाममात्र भाड्याने, काही ठिकाणी भाड्याविनाही, पलंग, चाकाची खुर्ची, वॉकर मिळतो. ते नसेल तर सर्जिकलची दुकाने महिन्याच्या भाड्याने देतात.

हिशेब असा करावा. समजा महिन्याचे भाडे २,००० रुपये आहे आणि तसाच पलंग विकत ३०,००० रुपयांना मिळतो. म्हणजे पंधरा महिन्यांत भाडे किमतीएवढे होईल. गरज त्याहून कमी दिवसांची असेल तर भाडे बरे. आपल्या गावातले खरे आकडे घालून हाच भागाकार करा. नेण्या-आणण्याचे हमालीचे पैसे, आणि गरज संपल्यावर जुना पलंग विकायला किती त्रास पडेल, हेही त्यात धरा. वापरलेला रुग्णाचा पलंग फार कमी किमतीला जातो. पुष्कळांच्या घरी तो माळ्यावरही मावत नाही आणि देववतही नाही.

आरोग्य विमा असेल तर घरी वापरायच्या पलंगाचा खर्च तो देतो का, हे पॉलिसीत वाचून घ्या. मिळेलच असे धरून हिशेब करू नका.

भाड्याचा दुसरा फायदा म्हणजे तो पुढचा प्रयोगही ठरतो. महिनाभर भाड्याचा साधा पलंग वापरून पाहिलेला माणूस शोरूममध्ये गेला की त्याला नेमके काय हवे ते सांगता येते.

पाचवी पायरी : घराची मापे

टेप घ्या आणि दुकानात जाण्याआधी पुढची मापे वहीत लिहा.

वाट. एका माणसाचा पलंग साधारण साडेसहा फूट लांब आणि तीन फूट रुंद असतो. तो लिफ्टमध्ये मावेल का, जिन्याच्या वळणावर वळेल का, खोलीच्या दारातून जाईल का? सुटे भाग आणून घरात जोडणार असतील तर प्रश्न नाही. पण ‘येईल हो साहेब’ या उत्तरावर विसंबू नका, सर्वांत मोठ्या भागाचे माप मागा.

भिंत. पाठ उचलताना काही पलंगांत वरचा भाग मागे सरकतो, म्हणून भिंतीपासून जागा सोडावी लागते. शिवाय रुग्ण असेल तर दोन्ही बाजूंनी माणूस उभा राहील एवढी जागा हवी. कोपऱ्यात ढकललेल्या पलंगावर चादर बदलणे ही रोजची कसरत होते.

उंची. हे माप बहुतेक लोक विसरतात आणि सर्वांत जास्त पस्तावतात. माणसाला अनवाणी खुर्चीवर बसवा आणि गुडघ्याच्या लवणीपासून जमिनीपर्यंत मोजा. समजा ते १६ इंच आले. गादी दबल्यावर पलंगाची कड त्याच्या आसपास हवी. सांगाडा चौदा इंचांचा आणि वर गादी आठ इंचांची घेतली तर बावीस होतात आणि आजीचे पाय लोंबकळतात. पाठ उचलणारा पलंग माणसाला बसवतो. त्याला उभे राहता येते ते कडेची उंची बरोबर असेल तर. पडण्याचे प्रसंग इथेच घडतात.

पेटी. आपल्या घरांत पलंगाखालची पेटी म्हणजे अर्धे कोठार असते. रजया, पाहुण्यांच्या गाद्या, दिवाळीची मोठी भांडी, सगळे तिथे. दुमडणाऱ्या पलंगाखाली सांगाडा हलतो, म्हणून तिथे काही ठेवता येत नाही. ते सामान कुठे जाणार, हे आधी ठरवा. घरात रांगते मूल किंवा मांजर असेल तर खाली करताना वाकून बघण्याची सवयही लागेल.

मच्छरदाणी. छतापासून टांगलेली, घेरदार मच्छरदाणी असेल तर चालते. पलंगाच्याच दांड्यांना बांधलेली असेल तर पाठ उचलताना ती ताणते किंवा निघते.

वीज. मोटरला वीज फार लागत नाही, ती फक्त वर-खाली करतानाच चालते. प्रश्न असतो वीज गेल्यावरचा. पाठ उचललेली असताना रात्री वीज गेली तर माणूस पहाटेपर्यंत तसाच राहणार का? काही पलंगांत लहान बॅटरी असते, ती एकदा सपाट करण्यापुरती पुरते. काहींना हाताने फिरवायचे हँडल असते. दोन्ही नसेल तर पलंग इन्व्हर्टरवर घ्यावा लागेल. जिथे वीज रोज जाते अशा गावात हँडलचा साधा पलंगच शहाणपणाचा.

दोघांची झोप. नवरा-बायको एकाच पलंगावर झोपत असतील तर सलग डबल बेड एका माणसासाठी उचलला की दुसराही उचलला जातो. यावर उपाय म्हणजे शेजारी शेजारी लावलेले दोन वेगळे पलंग आणि दोन गाद्या. पण त्यात मध्ये फट राहते, आणि खर्च जवळपास दुप्पट होतो. बऱ्याच घरांत एकच दुमडणारा पलंग आणि शेजारी साधी कॉट, ही व्यवस्था जास्त बरी पडते.

सहावी पायरी : गादी

जुनी गादी याच्यावर चालेल का? बहुतेक वेळा नाही. काथ्याची गादी ताठ असते. ती फळीबरोबर वाकत नाही, मध्ये पोकळी राहते आणि काही महिन्यांत तुटते. कापसाच्या गादीत कापूस सरकून गोळे होतात. एकमेकींना तारेने जोडलेल्या स्प्रिंगांची गादीही नीट दुमडत नाही.

चालते ती फोमची किंवा लॅटेक्सची, म्हणजे रबराच्या चिकाची गादी, किंवा प्रत्येक स्प्रिंग वेगळ्या कापडी खिशात असलेली गादी. जाडी सहा ते दहा इंच पुरे. त्याहून जाड गादी वाकायला कुरकुरते आणि उंचीही वाढवते. दुकानदार पलंगाची किंमत सांगतो तेव्हा गादी धरून आहे का, हे पहिल्याच वाक्यात विचारा.

चादर ताणून खोचण्याची आपली पद्धतही इथे चालत नाही. पलंग दुमडला की खोचलेली चादर निघते आणि तिच्या सुरकुत्या अंगाखाली रुततात. चारही कोपऱ्यांना इलॅस्टिक असलेली चादर घ्या.

सातवी पायरी : दुकानात

ज्याला झोपायचे आहे त्यालाच घेऊन जा. मुलाने झोपून पाहिलेला पलंग वडिलांना पसंत पडेलच असे नाही. पंधरा-वीस मिनिटे, नेहमीच्या कुशीवर, नेहमीच्या उशीसकट झोपू द्या. लोक चपला काढायला लाजतात आणि कडेवर टेकून उठतात. असे करू नका.

मग या गोष्टी करून घ्या. प्लग काढायला सांगा आणि वीज नसताना पलंग सपाट कसा करायचा ते दाखवायला सांगा. रिमोट त्या माणसाच्या हातात द्या. आकडे दिसतात का, बटणे बोटाला कळतात का, ‘सपाट’ करणारे एकच बटण आहे का, हे तोच सांगेल. बिनतारी रिमोट हरवतो, पांघरुणात दबतो. वयस्कर माणसाला तारेचा, पलंगाला अडकवलेला रिमोट बरा. वजनाची मर्यादा विचारा आणि ती गादी धरून आहे का, हेही विचारा.

‘झिरो ग्रॅव्हिटी’ हा शब्द आपल्याला ऐकवला जाईल. त्याचा अर्थ एवढाच, की पाठ आणि गुडघे दोन्ही थोडे उचललेली बैठक. कोणाचेही वजन त्यात कमी होत नाही. बैठक आरामाची असते, पण रजईची गुंडाळी आणि उतरती उशी मिळून जवळपास तीच मिळते. मालिश, कंपन, खालचा दिवा, मोबाइलवरून चालवणे या जादा सोयी आहेत. त्यांतला मंद दिवा मात्र रात्री उठणाऱ्यासाठी खरोखर उपयोगी.

हमी कागदावर वाचा. सांगाड्याची मुदत बहुधा लांब असते, मोटरची आणि रिमोटची वेगळी आणि कमी. दुरुस्तीला माणूस आपल्या गावात येतो की पलंग शहरात न्यावा लागतो? कोकणात समुद्राजवळ राहत असाल तर गंज हमीत बसतो का, हेही विचारा, कारण खारी हवा बिजागऱ्या आणि स्क्रू आधी खाते. बिल घ्या. पुढे तक्रार करायची वेळ आली आणि दुकानदाराने दाद दिली नाही, तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे.

आठवी पायरी : घरी आल्यावर

पलंग घरी आला की पहिल्या दिवशी एक क्रम सगळ्यांना शिकवा. वर करताना आधी गुडघे थोडे उचला, मग पाठ. म्हणजे माणूस खाली घसरत नाही. सपाट करताना आधी पाठ खाली आणा, मग गुडघे. ‘पलंग चांगला नाही, सारखे सरकायला होते’ ही तक्रार पुष्कळदा उलट्या क्रमामुळे असते.

झोपलेला माणूस आणि पलंगाची घडी एका जागी हवी. कंबर पलंगाच्या बिजागरीपाशी आली पाहिजे. बिजागरी पोटापाशी आली तर पोट दुमडते. कोणाला शंका येऊ नये म्हणून गादीच्या कडेला खडूने खूण करून ठेवा.

उठताना पाठ वर करा, पाय खाली सोडा, मिनिटभर कडेवर बसून राहा आणि मग उभे राहा. झटक्यात उठल्यावर रक्तदाब उतरून चक्कर येते, ती नव्या पलंगानेही येतेच.

कठडे लावायचे असतील तर विचार करून लावा. शुद्धीत असलेल्याला ते वळायला आधार देतात. पण ज्यांना रात्री भ्रम होतो, ते कठड्यावरून चढून उतरू पाहतात आणि आणखी उंचावरून पडतात. कठडा आणि गादी यांच्यामध्ये डोके किंवा हात अडकेल एवढी फट नको.

नातवंडांना रिमोट खेळायला देऊ नका. अशा मोटरी साधारण दोन मिनिटे चालून बराच वेळ थंड होण्यासाठी बनवलेल्या असतात. सारख्या चालवल्या तर तापून बंद पडतात.

आणि एक गोष्ट टेपने मोजता येत नाही. वयस्कर माणसाला असा पलंग दिसला की ‘आता मी अंथरूण धरले’ असे वाटते. त्यांना न विचारता, ते नातेवाइकांकडे गेलेले असताना पलंग आणून ठेवू नका. आधी सांगा, दाखवा, त्यांची जुनी उशी आणि खिडकीची बाजू तशीच ठेवा. पलंग नको असलेला माणूस पहिल्या रात्रीपासून त्यात खोडी काढतो, आणि त्याचे चुकत नाही.

निर्णय

सगळ्या पायऱ्या झाल्यावर वही पुन्हा उघडा आणि चार प्रश्न विचारा. तक्रार बैठकीमुळे वाढते का? पंधरा रात्रींच्या प्रयोगात फरक पडला का? ती बैठक टिकवायला उतरती उशी अपुरी पडते का? गरज वर्ष-दीड वर्षाहून जास्त काळची आहे का? चारही उत्तरे ‘हो’ असतील तर पलंग घ्या, पैसे वाया जाणार नाहीत. पहिली तीन ‘हो’ आणि शेवटचे ‘नाही’ असेल तर भाड्याने आणा. तिसरेच ‘नाही’ असेल तर फोमच्या दुकानातली उतरती उशी ठेवा. आणि पहिलेच उत्तर ‘नाही’ असेल तर पलंगाचे पैसे बाजूला ठेवून ती वही घेऊन डॉक्टरांकडे जा. घरातल्या माणसाला कशाने जाग येते, हे तिच्यात तारीखवार लिहिलेले आहे.